श्वास धरून

आमची गाठ पडली ती कचेरीच्या जिन्यात. भर उन्हात कानाला मफलर गुंडाळलेला एक माणूस छातीशी तापमापक धरून वर येत होता.

“रेषा काढणाऱ्या मॅडम कुठे बसतात?”

“काय काम आहे?”

“दरीतल्या केंद्राचा निरीक्षक मी. त्या माझं केंद्र रोज पुसतात.”

“मीच ती. तुमचे आकडेच तसे असतात.”

“आणि रबर तुमच्याकडे असतं...” तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “परवा दरीतली सगळी रोपं थंडीनं करपली, मॅडम. नकाशावर गारठा नव्हता, म्हणून कुणी झाकलीच नाहीत.”

मी त्याला वर माझ्या टेबलाशी नेलं आणि नकाशा उलगडला.

हवामानाच्या नकाशावर मी समताप रेषा काढते. सारखं तापमान असलेली गावं एका रेषेनं जोडली, की गारठा कुठवर पोचलाय ते कळतं. त्याच्या दरीचा आकडा शेजारच्या गावांपेक्षा नेहमीच थंड. मी तो चूक समजून रेषा सरळ नेत होते.

आमचे विभागप्रमुख, नकाशेकाका, यांना त्या आकड्याची अजूनही खात्री नव्हती. “तिथे जाऊन तपासून ये,” ते म्हणाले. “आकडा खोटा निघाला तर केंद्र बंद करू. त्याला तुझ्या शेजारच्या टेबलावर बसवू.”

जायला महिना गेला. तोवर रोज सकाळी त्याचा फोन येई, आणि आकडा सांगून झाला तरी आमचं बोलणं संपत नसे. शेजारचं रिकामं टेबल मी उगाचच पुसून ठेवू लागले.

दरीत पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. “थंड हवा जड,” तो म्हणाला. “रात्रभर डोंगरावरून उतरते नि इथे साठते.” त्यानं झडपांच्या पेटीचं दार उघडलं. आत त्याचा तापमापक होता. शेजारी मी माझा टांगला. पारा स्थिरावेपर्यंत आम्ही थांबलो. वाचताना श्वास धरायचा, हा आमच्या कामातला पहिला धडा. नाहीतर पारा चढतो. दोघंही वाकलो. त्याचा गाल माझ्या गालापासून बोटभर दूर... माझ्या तापमापकावर एक उसासा पुरला असता. मी श्वास धरून ठेवला.

दोन्ही आकडे सारखे निघाले.

“श्वास सोडला असतात तर मी खोटा ठरलो असतो,” तो हळूच म्हणाला. “तुमच्या शेजारी आलो असतो.”

“माहीत होतं.”

“मग?”

“तुम्ही हवे आहात मला.” माझे डोळे भरून आले. “पण खोटं पाडून नको.”

तो मला बसपर्यंत सोडायला आला. बस सुटेपर्यंत नुसता खिडकीखाली उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी दरीभोवती एक छोटीशी बंद रेषा काढली. काकांनी पाहून मान डोलावली. तेवढ्यात फोन आला. त्यानं आकडा सांगितला, मी लिहून घेतला. मग दोघंही गप्प.

“ऐकताय ना?” मी विचारलं.

“हो... बस सुटल्यापासून श्वास धरून बसलोय.”

“सोडा आता,” मी म्हटलं. “रविवारी येतेय मी. तापमापक न घेता.”