काचेपलीकडचा आवाज

ती परदेशी मालिकांना आवाज देणारी बाई. त्या दुपारी नेहमीसारखीच स्टुडिओत आली, मोबाइल पर्समध्ये टाकला, घोटभर कोमट पाणी प्यायली आणि आवाजबंद खोलीत शिरली. रेकॉर्डिंगवाल्या काकांनी बाहेरून जाड दार लावलं. त्यासरशी जगाचा आवाजच कापला गेला. भिंतींवरच्या स्पंजला दमट, जुनाट वास येत होता. तिथे स्वतःच्या कानातलं रक्तसुद्धा ऐकू येतं.

पडद्यावर एक आई आगीत अडकलेल्या मुलीला हाका मारत होती. गेल्या खेपेला तो प्रसंग तिला जमला नव्हता. आजही फसला तर भूमिका दुसरीकडे जाणार, हे काकांनी चाचरत का होईना, सांगून ठेवलं होतं.

लाल दिवा लागला. तिने तोंड उघडायच्या आतच हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. "दार उघड..."

तिचे ओठ मिटलेलेच होते. आवाज मात्र तिचाच. समोरच्या काचेत एक परकी बाई उभी होती, मेणाची असावी तशी. हे हात कोणाचे? पाय कुठे गेले? सगळं धुक्यापल्याड. भीतीसुद्धा दुसऱ्याच कोणाचीतरी वाटत होती, आणि त्याचीच तिला सगळ्यांत जास्त धडकी भरली.

"अगं, बोल ना..." काका म्हणाले. फार लांबून.

हे आजचं नव्हतं. भर नाटकात तिची वाचा बसली होती, तेव्हापासून छातीत धडधडायला लागलं की असं व्हायचं. 'हे काहीतरी बाहेरचं आहे,' म्हणून सासूबाईंनी हात टेकले होते. नणंद मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स. तिने मात्र शेजारी बसून समजावलं होतं, "वहिनी, तू वेडी होत नाहीयेस. भीती झेपेनाशी झाली की मन जरा बाहेर जाऊन उभं राहतं, चटका बसू नये म्हणून. त्याला खेचू नकोस, आणखी बिचकेल. हाताला लागेल ते चाचप, मोठ्याने त्याचं नाव घे. येतं परत."

हेडफोनमधला आवाज आता अगदी कानाशी आला. "तुला नाही जमणार... मी म्हणते ना."

तिने टाचा जमिनीत रोवल्या. टेबलाची कड चाचपली. "लाकूड," ती म्हणाली. "इथे टवका उडालाय." मग माइकचा दांडा धरला. "लोखंड. गार आहे." शब्द घोगरे होते, पण घशातून आले होते. "हा माझा घसा. कोरडा पडलाय." हळूहळू बोटांत जीव आला. छाती धडधडत होतीच. धडधडू दे, तिने ठरवलं, माझीच आहे.

"काका, घ्या!"

आणि तिने अशी हाक मारली की काका खुर्चीतून उठून उभे राहिले. एका दमात सगळा प्रसंग झाला.

"पोरी, जिंकलंस!" तिच्यासाठी दार उघडताना त्यांचे डोळे भरले होते. ती खदखदून हसली, कितीतरी महिन्यांनी. बाहेर येऊन तिने लगेच नणंदेला फोन लावला. "वन्स, जमलं! माझं मला जमलं!"

काका यंत्र बंद करायला वळले आणि थबकले. खोली रिकामी होती. तरी यंत्रावरची आवाजाची हिरवी रेघ संथपणे वरखाली होत होती, कोणी श्वास घेतल्यासारखी.

"आत... कोण आहे?"

तिच्या मानेवरचे केस ताठ झाले. पण पाय जागेवर होते. ती सरळ गेली आणि तिने ते जाड दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं.

"असू दे," ती म्हणाली. "दार आता मी लावते."

रेघ थांबली. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं तशी. मग पुन्हा हलू लागली.