वगळलेले दार

दुःखिताचा भार हलका करणे हे पुण्य खरे. परंतु तो हलका करताना त्याच्या हातातील कामही काढून घेतले, तर दयेचाच घाव होतो. आणि तो घाव द्वेषाच्या घावाहून खोल उतरतो, कारण द्वेषाला निदान प्रत्युत्तर तरी देता येते! फिनलंडच्या उत्तरेकडील हाउकिलाम्पी गावच्या रौहाला हे उमगण्यास फार वर्षे लागली...

शरदातील वादळाने तिच्या गोठ्याचे अर्धे छप्पर उडवून तळ्यात नेऊन टाकले होते. माळ्यावरचे हिवाळ्याचे गवत भिजत होते, गाई ओल्या पाठींनी एका कोपऱ्यात दाटून उभ्या होत्या, आणि छप्पर सावरताना पाय मोडून घेतलेला तिचा पती ओइवा चुलीशेजारच्या बाकावर असहाय पडला होता.

“उद्या गाई विकत न्यायला माणूस येतोय,” तो म्हणाला. “नाहीतर आज गावाला बोलव. सगळ्यांच्या छपरांवर चढलोय मी. आपल्यासाठी येणार नाहीत का?”

“येतील. बोलावलं तर.”

“मग बोलव की! का तुझा ताठा दूध देणारे आपल्याला?”

रौहाने चुलीत लाकूड सारले. ताठा...! सावडीचे, म्हणजे साऱ्या गावाने मिळून करायच्या कामाचे, बोलावणे घरच्या माणसाने पायी, दारोदार जाऊन द्यायचे, ही गावची रीत. न बोलावता कोणी दुसऱ्याच्या अंगणात हातोडा घेऊन शिरत नसे. तो त्या घराचा अपमान. आणि बोलवायचे तर एकही दार वगळायचे नाही. वगळलेले घर म्हणजे गावातूनच पुसलेले घर! ओढ्यापलीकडच्या त्या एका दाराशी उभे राहण्याचे धैर्य नव्हते, म्हणून रौहाने कोणालाच बोलावले नव्हते. ते दार हिल्काचे होते... तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे!

हिल्काची चिमुकली तापाने गेली, त्याच उन्हाळ्यात हा गोठा गावाच्या सावडीने उभा राहिला होता. सावडीला आलेल्या बाईने भाकऱ्या भाजायच्या, वासे धरायचे, साऱ्यांत हसायचे... रित्या पाळण्याच्या घरी जाऊन तिच्याकडे हे कसे मागावे? तिला शांतपणे रडू द्यावे, म्हणून रौहा ते एकच दार सोडून पुढे गेली होती. तेव्हापासून हिल्का तिच्याशी बोलली नाही. गाव रौहाला पाषाणहृदयी म्हणाले. तिने ऐकून घेतले. पोर गमावलेल्या आईपुढे स्वतःच्या निर्दोषतेची साक्ष काढणे तिला पातक वाटले.

गोठ्यातून एक गाय क्षीणपणे हंबरली. रौहाने डोक्याला रुमाल बांधला आणि ती ओढ्यावरची फळी ओलांडून गेली.

दार हिल्काच्या नवऱ्याने, कालेर्वोने उघडले. “रस्ता चुकलात काय ताई? तुमचं घर पलीकडं,” तो म्हणाला, पण तिचा चेहरा पाहताच बाजूला सरला.

हिल्का परातीत पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

“गोठ्याचं छप्पर गेलंय. उद्या गाई विकत न्यायला माणूस येतोय,” रौहा उंबऱ्यातूनच म्हणाली. “सावड घालतेय. बोलवायला आलेय तुला.”

“आता गरज पडली, म्हणून!”

“हिल्का, तेव्हा तू दुःखात होतीस गं... तुझ्यावर आणखी ओझं नको, म्हणून मी...”

हिल्काचे हात पिठातच थांबले.

“ओझं?” तिचा स्वर फाटला. “ताई, मी पीठ आंबवून ठेवलं होतं! आज येशील, आत्ता येशील म्हणून खिडकीत बसले होते. तू आमच्या फाटकावरून तशीच पुढं गेलीस... दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाचे हातोडे मला इथं ऐकू येत होते. ते पीठ मी डुकरांना घातलं. मला वाटलं, मेलेल्या पोराची आई अशुभ झाली, म्हणून टाकलंत मला! पोर गेलं, आणि पाठोपाठ गावही गेलं माझं!”

रौहा उंबरा ओलांडून आत आली. ज्या मौनाला ती इतकी वर्षे त्याग म्हणून उराशी धरून होती, त्याच मौनाने बहिणीला एकटे जाळले होते! हाय रे दये...!

“चुकले गं मी,” ती कशीबशी म्हणाली. “तुला विचारायला हवं होतं. नको म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरवायचं होतंस.”

कालेर्वोने हळूच कॉफीचे भांडे चुलीवर चढवले. हिल्का पुन्हा पीठ मळू लागली. मग, खाली पाहतच, तिने विचारले,

“आणखी कुणाला बोलावलंस?”

“कुणालाच नाही. पहिलं तुझं दार.”

तेव्हा मात्र हिल्काचा बांध फुटला. पिठाने माखलेल्या हातांनीच तिने बहिणीला मिठी मारली. आणि गेली सारी वर्षे त्या दोघींच्या अश्रूंतून वाहून गेली, असे मात्र नव्हे. काही वर्षे परत येत नसतात. पण रुमालाच्या टोकाने तोंड पुसत हिल्का म्हणाली,

“थांब, कोट घालते. पुढची दारं दोघी मिळून करू. कालेर्वो, त्या गाईवाल्याला सांगून या, येऊ नको म्हणावं. आणि पिठाकडं लक्ष ठेवा; डुकरं वाट बघतायत, पण या खेपेला त्यांना नाही मिळायचं!”

बर्फाचा वास असलेल्या वाऱ्यात दोन वयस्क बहिणी एकमेकींचा हात धरून पुढच्या फाटकाकडे निघाल्या. त्यांच्या वाटेवर प्रकाश असो. त्या चिमुकलीचा आत्मा शांत असो. आणि शोकात बसलेल्या प्रत्येक घराच्या दारावर, त्याला सोडून पुढे न जाणारी एक थाप सदैव पडत राहो.