डॉ. हंसा सगळ्यात वर

दोन हजार नऊच्या मे महिन्यात ऑफिसचं इंटरनेट बंद पडलं, म्हणून मृणालिनी नवघरच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसली. शेजारचा मुलगा स्क्रीनवरचं काहीतरी वहीत उतरवून घेत होता. तिने सहज पाहिलं. लेख तिनेच लिहिलेला होता. वर नाव मात्र डॉ. हंसा — जी बाई जगात कुठे नव्हतीच.

"आईला शुगर आहे," तिची नजर पाहून तो म्हणाला. "शोधलं की या डॉक्टर सगळ्यात वर येतात. मोठ्या असणार, नाही?"

"असतील..."

त्याचं नाव स्वप्नील. लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं इंटरनेट सुरू झालं, तरी ती कॅफेतच गेली. तोही प्रिंट काढायला आला, तिसऱ्या दिवशीही आला. रोज कसली प्रिंट काढता, असं तिने विचारलं.

"प्रिंट एकच आहे," तो खाली बघत म्हणाला, "पण खुर्ची तुमच्या शेजारची मिळते..."

मग जेसल पार्कच्या खाडीकाठी संध्याकाळी चालणं सुरू झालं. खारा वारा, तिची उडणारी ओढणी, आणि ती सावरताना त्याचं उगाचच दुसरीकडे बघणं. सांगायचं ते तिच्या ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं. एक चूर्ण विकणाऱ्या कंपनीसाठी ती लिहायची. साध्या मुलीचं कोण ऐकणार, म्हणून त्यांनी डॉक्टरीण उभी केली. फोटो, पदव्या, सगळं खोटं. ऑर्कुटवर तीस खोट्या नावांनी मृणालिनीच तिचं कौतुक करायची. खरी माणसं भुलली, लेख एकमेकांना पाठवू लागली, दुसऱ्या साइट्सनी त्याची लिंक दिली, आणि लेख शोधात वर वर चढत गेला. गोळ्या सोडा, चूर्ण घ्या, असं त्यात होतं. खरंच कोणी गोळ्या सोडेल, असं तिला वाटलं नव्हतं.

स्वप्नीलच्या आईने, शेवंतीबाईंनी सोडल्या. ऑगस्टमध्ये पायाचा अंगठा काळा पडला आणि गणपतीच्या आधी गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

हॉस्पिटलच्या जिन्यात स्वप्नील म्हणाला, "तुला नेटमधलं कळतं. त्या डॉक्टरबाईंचा नंबर काढून दे. मला त्यांना एकदा विचारायचंय."

"विचार," ती म्हणाली. "ती मीच आहे."

तिच्या हातातला डबा त्याने काढून घेतला आणि वर निघून गेला. नंतर त्याने फोन उचलला नाही.

तिने नोकरी सोडली आणि सगळं लिहून नेटवर टाकलं, खऱ्या नावाने, नवघरच्या पत्त्यासकट. तो लेख शोधात नवव्या पानावर पडून राहिला. मृणालिनीला कोण ओळखत होतं? डॉ. हंसा तशीच पहिल्या जागेवर. दिवाळीनंतर मात्र मृणालिनीचा लेख सातव्या पानावर आला, मग चौथ्या. कोणीतरी तो ऑर्कुटवर गावागावांच्या ग्रुपमध्ये टाकत होतं, डॉक्टरांना पाठवत होतं.

जानेवारीत लेखाखाली स्वप्नीलचे चार शब्द आले.

"आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, पोरीला घरी आण. मला अजून जमत नाहीये... आईचा पाय दिसतो. पण लेख मीच पाठवतोय सगळ्यांना. आणि रोज तुझं नाव शोधतो."

तिने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच ठेवलं — "मी नवघरलाच आहे."