दुसऱ्या पाळीचा भोंगा

अंबरनाथ पूर्वेला, नगरपालिकेच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत शहराचं छोटंसं संग्रहालय आहे. खाली शिवमंदिराच्या शिल्पांचे फोटो आणि फाळणीनंतर शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पात आलेल्या कुटुंबांच्या पत्र्याच्या ट्रंका. वरच्या दालनात कारखाने. भावना गेली सहा वर्षं हे सगळं सांभाळत होती. दुपारी शाळांच्या सहली येऊन गेल्या की पंख्याखाली बसून डबा खायचा, पाट्यांवरची धूळ पुसायची, पाचला कुलूप लावायचं.

पावसाळा संपता संपता बंद पडलेल्या एका रंगाच्या कारखान्याचं सामान आलं. तळाशी गुलाबी रंग सुकलेल्या काचेच्या बरण्या, हजेरीचं मस्टर आणि छपरावरचा भोंगा. भोंगा लोखंडी, घमेल्याएवढ्या तोंडाचा. तो खिडकीजवळच्या चौथऱ्यावर बसवला.

सोमवारी पावणेतीनला एक म्हातारा धापा टाकत जिना चढून वर आला. धोतर, डोक्याला पांढरी टोपी, पायात काही नाही. तो भोंग्यासमोर सरळ उभा राहिला.

"काका, तिकीट?" खाली तिकिटं देणारी किर्ती मागोमाग वर आली.

"तिकीट कसला? भोंगा झाला नं, म्हनून आलू."

किर्ती हसली. म्हातारा हसला नाही. पंधरा मिनिटं तसाच उभा राहिला, मग नोंदवहीत नाव लिहून खाली उतरला. हरिचंद्र, पालेगाव.

किर्ती पालेगावचीच. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "मॅडम, कालचे ते काका गेले. घरी जाऊन ओट्यावर बसले, ते बसलेच."

त्याच दुपारी, पावणेतीनला, महिपती नावाचे गृहस्थ आले. बदलापूरहून, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. कसे आलात, असं भावनाने विचारलं तेव्हा त्यांनी नवलाने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला ऐकू नाही आला? एवढा मोठा आवाज."

"हा भोंगा बंद आहे काका."

"असं कसं," ते म्हणाले आणि डबा दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

बुधवारी सकाळी भावनाने नोंदवहीतल्या महिपतींच्या नंबरावर फोन लावला. सुनेने उचलला. मागे रडणं ऐकू येत होतं. भावनाने काही न विचारता फोन ठेवला.

मग तिने काचेच्या पेटीतलं मस्टर बाहेर काढलं. त्या कारखान्यात एका दुपारी स्फोट झाला होता. तीनच्या दुसऱ्या पाळीला आत गेलेलं कुणी बाहेर आलं नव्हतं. ती तारीख तिला घरातूनच पाठ होती. पान सापडलं. दुसऱ्या पाळीत त्या दिवशी तिघे गैरहजर होते. हरिचंद्र. महिपती. तिसरं नाव वाचायला तिला वेळ लागला नाही. शंकरराव, तिचे वडील.

अकरा वाजता तिने वायरमन सुजितला बोलावलं. त्याने भोंग्याचं झाकण उघडून टॉर्च मारला.

"मॅडम, रिकामा डब्बा आहे हा. मोटर कधीच काढलीये कुणीतरी. वाजणार कशाने?"

"तरी काढ. मागच्या खोलीत ठेव."

गोणपाटात गुंडाळून, वर दोन सतरंज्या टाकून त्यांनी तो ठेवला. कुलूप भावनाने स्वतः लावलं. जेवणाचा डबा तिने उघडलाच नाही.

दोन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी फोन वाजला. कॅम्प पाचमधल्या घरून, वडिलांना सांभाळणाऱ्या गयाबाईंचा.

"ताई, लवकर या. बाबा उठून बसलेत."

लकवा मारल्यापासून तीन वर्षं ते कुशीवरही वळले नव्हते.

रिक्षा मिळाली. दहा मिनिटांत ती घरी होती. शंकरराव पलंगावर ताठ बसले होते, पाय खाली सोडून. चेहरा शांत होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा शब्द स्पष्ट होते.

"भावना, उशीर झाला बघ. ऐकतेस ना?"

तिने कान दिला. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. शेजारी शिलाई मशीन चालू होतं.

"काही नाही बाबा. पडा तुम्ही."

"त्या दिवशी तुला ताप होता. दीड वर्षाची होतीस. सोडतच नव्हतीस मला, म्हणून राहिलो."

तिने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "मग आजही राहा. मला बरं वाटत नाहीये."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. लहानपणी कपाळाला हात लावून बघायचे, तसं.

"नाही गं. आज तू बरी आहेस."

तीनला दोन मिनिटं कमी होती.

तिने हात सोडले नाहीत. तीन वाजले तेव्हाही नाही. डॉक्टर येऊन गेले तेव्हाही ती तशीच बसून होती. शेवटी गयाबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

माणसं जमायच्या आत अंग पुसायला हवं होतं. गयाबाईंनी घमेलं सरकवलं, भावनाने वडिलांच्या हातांवर तांब्याने पाणी ओतलं.

घमेल्यात पाणी गुलाबी पडलं.

"सकाळीच आंघोळ घातलीये मी," गयाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "साबण लावून."

नखांच्या कडांतून, तळहाताच्या रेषांतून रंग येत होता. जुना, वाळलेला नव्हे. नुकतीच कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या माणसाच्या हातांवर असावा तसा ओला, दाट. भावनाने पुन्हा तांब्या भरला.

चौथ्या तांब्यालाही रंग उतरतच होता.