कडूबाच्या जागी

ही घटना खरी आहे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, मोजल्याशिवाय बोलत नाही. हेही मोजलं होतं...

गेल्या डिसेंबरातला रविवार. भर दुपार. जालन्यात एका बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत रामप्रसाद सरांचा चित्रकलेचा क्लास भरतो. माणसाचं शरीर काढायला शिकावं म्हणून मी बदनापूरहून जाते.

आमच्यासमोर उभा राहायचा कडूबा. धावडा गावचा म्हातारा. सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता टेकलेला. विश्रांतीनंतर तो नेमका तसाच उभा राहावा म्हणून सरांनी त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढली होती.

आधीच्या रविवारी तो म्हणाला होता, "सर, पाय सुन्न झालाय. बसू का?"

"थांब की जरा. खांदा आता कुठं जमून राह्यलाय."

तो थांबला.

मग कोसळला... तिथेच गेला.

या रविवारी रेघा तशाच होत्या. चित्रं अर्धवट होती, प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

"कुणीतरी उभं राहा," सर म्हणाले. "बिलकुल तसंच."

माझी धाकटी बहीण तृप्ती सोबत आली होती. पोलीस भरतीसाठी ती रोज पहाटे पळायची. मैदानी चाचणी महिन्यावर होती.

"मी राहते की," ती हसली. "तेवढाच पायांना व्यायाम."

तिने रेघांच्या आत पाय ठेवले. तिची पावलं लहान. भोवती फट दिसत होती.

थोड्या वेळाने पाहिलं...

फट नव्हती.

मी ओळंबा धरला. गळ्याच्या खळगीपासून सोडलेला दोरा भार असलेल्या पायावर येतो. आला. पण उभा असलेला जिवंत माणूस किंचित झुलतो, श्वासानेसुद्धा.

दोऱ्यामागे तृप्ती झुलत नव्हती.

चित्रात उंची डोक्याच्या मापाने मोजतात. उभी राहिली तेव्हा तृप्ती साडेसात डोकी भरली होती, कडूबा सात. पेन्सिल समोर धरून पुन्हा मोजलं...

सात.

खोलीत फक्त पेन्सिलींची खरखर.

"काय मस्त उभी राह्यली!" शेजारची शीतल पुटपुटली. "एक रेघ खोडावी लागली न्हाई."

"तृप्ती, बस आता," मी म्हणाले.

ती तशीच उभी.

"मॅडम, गप बसा," सर खेकसले. "पोझ मोडंल."

मी उठून तिला ओढलं. ती रेघांबाहेर आली. डावा पाय मात्र दुमडला नाही.

त्या दिवसापासून तो पाय भार घेत नाही. सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या साफ.

"भरतीची भीती वाटते का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

चाचणी हुकली. प्रदर्शन झालं. सरांनी माझं चित्र दाराजवळच लावलं.

आता तृप्ती दिवसभर भिंतीशी उभी असते. मध्येच हळूच विचारते, "बसू का?"

आई रडत म्हणते, "बस गं माय."

ती बसत नाही. आईला विचारलेलंच नसतं...

काल ती मला म्हणाली, "ताई, दुसरं कुणी तिथं उभं राह्यलं, की मी सुटते."

"कोण म्हणालं?"

तिने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे.

"तुला कुठं पळायचंय, ताई? तू तर बसूनच शिकवते."



उद्या रविवार आहे. माझ्या चपला तिने आत्ताच दाराशी काढून ठेवल्यात.