पाटोद्याला जाणारा टीव्ही

उमापूरची बस चुकली म्हणून शिवानी नबीभाईंच्या दुकानात शिरली, असं तिनं नंतर वडलांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. बस चुकली होती खरी, पण दुकानात ती शिरली ती रागानं. काचेआड मांडलेला तो नवा टीव्ही तिला एकदा जवळून बघायचाच होता… ज्याच्यावर तिची सोयरीक येऊन अडली होती, तो टीव्ही!

दिवाळी तोंडावर आलेली. गेवराईच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे चालल्या होत्या आणि त्यांच्यातून सुटलेला कापूस हवेत तरंगत होता, तारांना, दुकानांच्या पाट्यांना, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांना चिकटत होता. शिवानी कॉम्प्युटरच्या क्लाससाठी रोज उमापूरहून गेवराईला यायची. बसस्टँडसमोरचं हे दुकान तिच्या रोजच्या वाटेवरचं, पण आत पाऊल टाकलं ते आज पहिल्यांदा.

भिंतीभर टीव्ही चालू होते. सगळ्यांवर एकच बाई एकाच साबणानं तोंड धूत होती. जुन्या टीव्हींच्या काचा पोट सुटल्यासारख्या पुढं आलेल्या, आणि मधोमध तो नवा… पाटीसारखा सपाट.

"हा फ्लॅट," नबीभाई म्हणाले. "हा एकवीस इंची, आन् त्यो तिकडला एकोणतीस. निवांत बघा ताई. बघायला पैसे पडत न्हाईत."

पण बघणार कसं? टीव्हीसमोर एक तरुण उकिडवा बसला होता. मान वाकडी करून बघत होता, मग थोडा डावीकडं सरकत होता, मग आणखी खाली होत होता. अंगात चांगला इस्तरीचा शर्ट, आणि बसणं असं! राग विसरून शिवानीला हसू फुटलं.

त्यानं वळून पाहिलं. घाईनं उठला, गुडघे झटकले.

"आई जिथं बसती तिथनं बघत होतो," तो म्हणाला. "आमची बैठक अरुंद हाय. आई दाराशी बसून भाजी निवडती. तिथनं जुन्या टीव्हीत सगळी माणसं वाकडी दिसत्यात. बातम्या सांगणारी बाई तर पार भोपळ्यावानी."

"मग तुमी उभ्या उभ्या नीट बघा की. उकिडवं कशाला?"

"आई उभी ऱ्हात न्हाई ना भाजी निवडताना." मग जरा थांबून, "तुमीच बसता का त्या स्टुलावर? आईची उंची तुमच्याएवढीच हाय… म्हणजे, राग न्हाई ना आला?"

"तो आधीच आलाय. आता आणखी काय यायचा?" म्हणत शिवानी बसली. पर्स मांडीवर घेतली आणि कुणाच्या तरी न पाहिलेल्या आईच्या जागेवरून टीव्ही बघायला लागली.

"दिसतंय?"

"दिसतंय. पण दारातला उजेड काचंवर पडतोय. तुमच्या दाराचं तोंड कुणीकडं?"

"उगवतीला."

"आन् टीव्ही दारासमोर ठेवणार? मग सकाळच्याला आईंना टीव्ही न्हाई, निस्तं ऊन दिसंल. आडव्या भिंतीला ठेवा. जरा दाराकडं तिरपा."

तो तिच्याकडं बघतच राहिला. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं…" मग काहीतरी बोलू की नको असं त्याचं झालं. "एक सांगू का? तुमच्या केसात… कापूस हाय."

शिवानीनं हात नेला. "न्हाई, हिकडं," तो म्हणाला आणि स्वतःच्या डोक्याला हात लावून दाखवू लागला. दोघं समोरासमोर, त्यामुळं त्याचं 'हिकडं' तिचं 'तिकडं' होत होतं. तीन वेळा चुकल्यावर त्यानं हात पुढं केला नाही. सरळ तिच्याकडं पाठ फिरवून उभा राहिला आणि आपल्या डोक्यावर बोट ठेवलं – "हितं!"

कापूस निघाला. शिवानीला कितीतरी दिवसांनी इतकं हसू आलं.

"राग कावून आलाय म्हणला न्हाईत," तो म्हणाला.

अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. पुन्हा कुठं भेटणार असतो तो? शिवानीनं सांगून टाकलं.

"ह्या टीव्हीचाच आलाय. मला स्थळ आलंय. मोहनराव म्हणून मध्यस्थ हायेत, ते म्हणले, मुलाकडच्यांना हुंडा नको, मानपान नको, निस्ता बैठकीत एक फ्लॅट टीव्ही द्या. आमचे अप्पा खुश! मला कुणी विचारलंबी न्हाई. मुलगा मला रविवारी बघणार हाय. पण टीव्ही कसा पाहिजे ते त्याचं आधीच ठरलंय."

तरुणाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"कुठलं… स्थळ?"

"पाटोद्याचं. बियाण्याच्या कंपनीत हाय म्हणं. गावोगाव फिरतो. फिरता फिरता आणखी काय काय मागत असंल कुणास ठाऊक."

तेवढ्यात लाइट गेली. रोजचंच लोडशेडिंग. भिंतीवरच्या साबणवाल्या बाया एकदम नाहीशा झाल्या. 'जनरेटर लावतो' म्हणत नबीभाई मागं गेले. बंद टीव्हीच्या काळ्या, सपाट काचेत दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसत होते. तो त्या काचेतल्या शिवानीकडं बघत म्हणाला,

"तुमी… उमापूरच्या रेवणप्पांच्या का?"

"तुमाला कसं माहीत?"

"मी संगमेश्वर. पाटोद्याचा."

शिवानी ताडकन उठली. स्टूल कलंडलं. ते त्यानं धरलं.

"मी टीव्ही मागितला न्हाई," तो म्हणाला. "आईशप्पथ. मी तर माझ्या पैशानं घ्यायला आलोय, आईसाठी. मला ह्यातलं काहीच—"

"मग कुणी मागितला?"

"ते आजच्या आज विचारतो."

"विचारा," शिवानी म्हणाली आणि मागं न बघता बाहेर पडली. कान तापले होते. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिनं मनातल्या मनात त्याला भरपूर झापलं. मग तो उकिडवा बसलेला डोळ्यांसमोर आला, आणि झापता झापता ती मध्येच कुठंतरी थांबली.

*

दोन दिवसांनी मोहनराव उमापूरला आले. रेवणप्पांचं किराणा दुकान आणि घर एकाच छताखाली, त्यामुळं दुकानात कुणी काही बोललं की आत चुलीपाशी ऐकू यायचं.

"टीव्ही नको म्हणत्यात," मोहनरावांनी सांगितलं.

रेवणप्पांच्या हातातला तराजू तसाच राहिला. "नको? कावून नको?"

"ते काही समजलं न्हाई बघा. पोरानं घरात लई भांडण केलं म्हणं मामासंगं. टीव्ही नको म्हणजे नको."

"पोरगं भांडलं?" रेवणप्पा मटकन बसले. "म्हणजे त्याला स्थळच पसंत न्हाई! टीव्ही नको म्हणजे पोरगीच नको, असाच अर्थ झाला की."

आत शिवानीचे हात पिठात थांबले. खरं काय ते तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य सुरू कुठून करायचं? 'अप्पा, मी त्यांना टीव्हीच्या दुकानात भेटले' – इथून? आई आधीच डोळ्यांना पदर लावून बसली होती.

तिच्या मनात मात्र एक वेगळीच धडधड सुरू झाली होती. भांडला. खरंच भांडला तो…

रात्रीचं जेवण रेवणप्पांना गोड लागलं नाही. हात धुता धुता ते म्हणाले, "मला वाटतंय, आपण एकवीस इंची कबूल केला तिथंच चुकलं. त्यांच्या मनात एकोणतीस असणार. मोठी माणसं तोंडानं मागत न्हाईत. दिवाळीचा माल जरा कमी भरू, पण उद्या जाऊन मोठा टीव्ही घेऊ. रविवारी डोळ्यांसमोर दिसला की आपोआप हो म्हणतील."

"अप्पा—"

"तू मधी बोलू नको."

"बोलत न्हाई. मी बी येते तुमच्यासंगं. मला टीव्हीतलं कळतं."

रेवणप्पांनी चमकून तिच्याकडं पाहिलं. पण नाही म्हणाले नाहीत.

*

दुकानाच्या पायरीवरच शिवानीचे पाय थांबले. आत तो होता. शेजारी स्टुलावर कपाळाला विभूती लावलेली, ठेंगणीशी एक बाई. पदर सावरून, डोळे बारीक करून ती टीव्ही बघत होती.

"या ताई!" नबीभाईंचा आवाज दुकानभर घुमला. "पुन्यांदा आलात? बेस झालं, आज दोघंबी एकदमच आलात!"

"पुन्यांदा?" रेवणप्पा म्हणाले. "दोघं?"

नबीभाईंनी जीभ चावली आणि उगाच एका टीव्हीवरची धूळ पुसायला घेतली. संगमेश्वर उठून उभा राहिला. आता आपण बोललो नाही तर अप्पा तो मोठा टीव्ही घेऊनच घरी जातील, एवढं शिवानीला दिसत होतं.

"अप्पा, हे पाटोद्याचे. संगमेश्वर." ती एका दमात बोलत सुटली. "मागल्या खेपेला बस चुकली तवा हितं भेटले. ठरवून न्हाई. कोण हायेत ते न कळताच मी बोलून बसले, की टीव्ही मागणाऱ्या स्थळाचा मला राग आलाय. त्यांनी टीव्ही मागितलाच न्हवता. मागणं कानावर आलं म्हणून ते घरात भांडले. त्यांनी टीव्हीला नको म्हणलं. मला नको म्हणले न्हाईत…" इथं ती अडखळली. "…असं मला वाटतं."

"बरोबर वाटतंय," संगमेश्वर हळूच म्हणाला.

रेवणप्पा एकदा मुलीकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले. रागवावं की नाही तेच त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात स्टुलावरची बाई उठली.

"मी जगदेवी, ह्याची आई," ती म्हणाली. "टीव्हीचं मागणं माझ्या भावानं, अर्जुनरावानं घातलं. मला न विचारता घातलं. आज तुमच्याकडं उमापूरला येऊन माफी मागायची म्हणून पहाटंच निघालो. हा म्हणला, आधी टीव्ही आपला आपण घेऊ. म्हणजे कुणाच्या मनात किंतू नको."

"पण मग मी काय देऊ?" रेवणप्पा कळवळून म्हणाले. "निदान स्टॅबिलायझर तरी माझ्याकडनं…"

"चहा पाजा. गाडीत बसून बसून माझं डोकं धरलंय."

रेवणप्पांना हसू आलं. कालपासून पहिल्यांदाच.

"पण थांबा," जगदेवी शिवानीकडं वळली. "पोरी, तू सांग. ह्याला एकवीस घ्यावा वाटतो, नबीभाई एकोणतीस म्हणतोय. कुठला घ्यावा?"

"एकवीसच," शिवानी म्हणाली. "तुमच्या बैठकीत एकोणतीस म्हणजे अगदी अंगावर आल्यासारखा होईल. आईंची मान दुखंल दाराशी बसून."

तोंडातून 'आईंची' निघून गेलं होतं. ते सगळ्यांनी ऐकलं. ती खालमानेनं पर्सचा बंद गुंडाळू लागली.

"आमची बैठक तू कधी बघितलीस गं?" जगदेवीनं विचारलं. आवाजात हसू होतं.

"ह्यांनी… दाखवली."

जगदेवीनं शिवानीच्या पाठीवरून हात फिरवला आणि रेवणप्पांना म्हणाली, "चला, चहा कुठं मिळतो दाखवा." ते दोघं बाहेर पडले. नबीभाईंनाही खोक्यातला रिमोट शोधायला मागच्या खोलीत जायचं एकाएकी आठवलं.

सगळे टीव्ही चालू होते आणि दोघंही त्यातला एकही बघत नव्हते.

"त्या दिवशी बसमधी लई शिव्या दिल्या असतील मला," संगमेश्वर म्हणाला.

"दिल्या. निम्म्या वाटंपर्यंत."

"आन् पुढल्या निम्म्या वाटंत?"

"पुढं…" शिवानीनं मान वर केली नाही. "पुढं वाटलं, ह्यांनी नाव सांगितलंच नसतं तर? मला काय कळलं असतं? गप बसून सटकता आलं असतं तुमाला. पण सांगितलंत."

"भ्यालो होतो. पण तुमी त्या स्टुलावर बसून दाराचं तोंड कुणीकडं इचारलंत ना… तवापास्नं आमच्या बैठकीत मला तुमीच दिसाय लागला. आता काय करावं माणसानं? तुमी दुसऱ्या कुणाच्या घरी जाणाऱ्या निघाला असता, तर…"

"तर?"

"तर टीव्ही घेतलाच नसता मी. कुणाला बघायचा असता तो?"

आता तिनं वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"घ्या," ती म्हणाली. "मी हाय की बघायला."

चहा झाला. भाड्याच्या जीपमध्ये खोकं चढवलं गेलं. जगदेवी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. खोकं हलू नये म्हणून संगमेश्वर मागं त्याच्याजवळ अवघडून बसला. रेवणप्पा दोरीची गाठ तपासत असताना शिवानी मागच्या बाजूला आली.

"रविवारी येऊ ना आमी?" त्यानं हळू विचारलं. "बघायला?"

"या. पण बघायला न्हाई."

"मग?"

"तारीख काढायला."

जीप निघाली. पाटोद्याच्या वाटेला लागून दिसेनाशी होईपर्यंत तो मागंच बघत होता. नबीभाईंनी दुकानाच्या दारातून हात हलवला. तो कुणाला, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

उमापूरची बस आज वेळेवर लागली. शिवानीला खिडकी देऊन रेवणप्पा शेजारी बसले. गाव मागं पडलं, दोन्ही अंगांना पांढरीशुभ्र फुटलेली कापसाची रानं आली. मग रेवणप्पा घसा खाकरून म्हणाले,

"पोरगं बरं वाटलं मला. तुला?"

"हं," शिवानी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

तो 'हं' ऐकून रेवणप्पा हसायला लागले. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली, तरी ते हसतच राहिले. आणि मग शिवानीही हसायला लागली.