वीस मार्चपर्यंतचं पाणी

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी नऊच्या सुमाराला सत्यवान मुणगेकर मिठबावातल्या आपल्या घराच्या खळ्यात बसून चौदा करवंट्या घासत होता, आणि करवंटीगणिक मुंबईतल्या साहेबाला मनातल्या मनात शिव्या घालत होता.

साहेबाने त्याला अकरा माणसांसमोर वेंधळा म्हटलं होतं. कारण काय, तर या किनाऱ्याच्या भरती-ओहोटीचं यंदाचं, म्हणजे १९६६ सालचं, कोष्टक. सत्यवानने त्याचा फोर्ट्रानमध्ये प्रोग्राम लिहिला, कार्डांना भोकं पाडून गठ्ठा यंत्रात घातला. यंत्राने वीस मार्चपर्यंतचं पाणी तासातासाने छापलं आणि पुढे कागद कोराच सोडला. शून्यसुद्धा नाही. साहेबाने त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. चूक शोध, ती तुझीच आहे असं सही करून दे, नाहीतर राजीनामा दे. सहा वर्षांत ज्याने एक कार्ड उलटं लावलं नव्हतं त्याने सही करायची! त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्याचा दुसरा राग होता कंपायलरवर. सगळा प्रोग्राम एकदम गिळायचा, यंत्राच्या भाषेत करून टाकायचा, आणि उत्तर तेवढं तोंडावर फेकायचं; कुठल्या ओळीला काय बिनसलं ते विचारायची सोय नाही. त्याला हवा होता इंटरप्रिटर. एक ओळ घेईल, तेवढीच करेल, मग पुढची मागेल. परदेशात तसे असतात म्हणे. इथे यंत्राला तो नव्हता, तर माणूस नेमू, असं त्याने ठरवलं. प्रोग्राममधल्या दर आकड्याला एक करवंटी, आकडा म्हणजे आतले चिंचोके. अवघड आकडेमोड तो कोष्टकात बघून सांगणार. घालायचं-काढायचं काम इंटरप्रिटरचं.

प्रश्न एवढाच होता की नेमायचं कोणाला. पहिल्यांदा त्याने शेजारच्या हरिश्चंद्र मास्तरांना बोलावलं. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पाचव्याच ओळीला मास्तरांनी चिंचोके बाजूला सारले.

"साडेसहा फूट येतला. फुडचा दिसताच मरे!"

"मास्तरांनू, तुमी हुशार आसात, हीच तर पंचाईत," सत्यवान चिडून म्हणाला. ज्याला पुढचं दिसतं तो मधली चूक नकळत झाकून टाकतो. मास्तर रुसून घरी गेले.

मग त्याने तुळसाकाकीला आणलं. ती पलीकडच्या बागेत आंबे भरायची. पाच डझन म्हटलं की पाच डझन. सहाव्याचा विचार तिच्या डोक्यात यायचा नाही.

"माका ह्यातला काय कळणा नाय हां," ती म्हणाली.

"ताच व्हया, काकी."

सगळं वर्ष मोजायची गरज नव्हती. एकोणीस मार्चपासून सुरुवात केली. सत्यवान प्रोग्रामच्या कागदावर पट्टी धरून एकेक ओळ वाची, काकी चिंचोके उचली, ठेवी आणि मान वर करी. एकोणीस तारीख यंत्राशी इंचाइंचाने जुळली. वीसही जुळली. सत्यवानला साहेबाचा पडलेला चेहरा दिसायला लागला होता.

एकवीस तारीख आली. "तिसरी करवंटी सातवीत मिळव," त्याने वाचलं.

काकीने तिसरी उचलली, रिकामी केली आणि पालथी घातली. मग चौथी. मग एकामागून एक सगळ्या. हात पदराला पुसून ती पुढच्या ओळीची वाट बघत बसली.

"ह्या काय, काकी? असा मी सांगलंय?"

"मगे? तूच सांगलंस. सगळी पालथी घाल म्हणान."

तो तिच्यावर ओरडला. मग ओशाळून पहिल्यापासून सुरू केलं. त्याच ओळीला काकीने पुन्हा तेच केलं.

तिसऱ्या खेपेला त्याने मास्तरांची मनधरणी करून त्यांना जवळ बसवलं. मी जे बोलतो ते शब्दन् शब्द लिहा, म्हणाला. करवंट्या पुन्हा पालथ्या झाल्या तेव्हा त्याने मास्तरांचा कागद हिसकावला. सगळ्या ओळी बरोबर होत्या. शेवटी मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, सगळी पालथी घाल.

"मस्करी करतास माझी?"

"तुझ्या तोंडचाच लिवलंय रे," मास्तर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "तुका ऐकाक येवक नाय?"

सत्यवानने कागद चुरगळून फेकला. सगळ्यांनी मिळून त्याला वेडा ठरवायचं मनावर घेतलं होतं काय? त्याच दुपारी त्याने साहेबाला पत्र टाकलं. ओळ न् ओळ तपासली, प्रोग्राम निर्दोष आहे, सही करणार नाही.

साहेबाचं उत्तर एकवीस मार्चला दुपारी बाराच्या आत आलं. दुसऱ्या एका माणसाकडून, तुमचा प्रोग्राम न दाखवता, निराळ्या रीतीने गणित मांडून घेतलं. तेही वीस मार्चलाच थांबतं. चूक तुमची नव्हती. झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.

हेच तर त्याला हवं होतं.

त्याने पत्र दोनदा वाचलं, 'तेही वीस मार्चलाच थांबतं' ही ओळ तिसऱ्यांदा. आज एकवीस होती. मग कोरा कागद ओढला आणि घाईघाईने लिहिलं: साहेब, चूक माझीच आहे. मी वेंधळा आहे. कृपा करून तशी नोंद करा.

त्याने सही केली. 

अमावास्या टेकली होती. अशा दिवसांत भर दुपारी पाणी माडांच्या मुळांशी येतं, ते सांगायला यंत्र लागत नाही. त्याने कान दिला. लाटांचा आवाज नव्हता.

तुळसाकाकी खळ्याचं बेडं, म्हणजे फाटक, सारून आत आली. टोपली मासळीने काठोकाठ भरली होती. तिचे पाय कोरडे होते.

"दुसरी टोपली दी रे, सत्यवाना. मासळी नुसती वाळयेर पडली आसा."

"पाणी?"

"पाणी खंय दिसाक नाय. सगळा गाव बघूक गेलो. अजून चलतत." तिने टोपली खाली ठेवली. "मास्तर सगळ्यांच्या फुडे आसत."